मागे झुकलेले काटे

चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हे, हे वाक्य मी आजवर किती जणांना सांगितलं असेल त्याची मोजदाद नाही. लांबुडकं नाक, बारीक डोळे, भिंतीच्या कडेकडेने चिवचिवत पळणं आणि तो वास, एवढ्यावर लोक तिला उंदरातच धरतात, आणि खरं सांगायचं तर एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापर्यंत मीही धरायचे. म्हणजे पुस्तकात वाचलं होतं की ती कुरतडणाऱ्यांतली नाही, कीटक खाणाऱ्यांतली आहे, परीक्षेत लिहिलंही होतं, पण वाचलेलं आणि पटलेलं यात फरक असतो ना. मला ते पटलं तिची जीभ बघितली तेव्हा. अख्खी जीभ नाही, जिभेच्या मागच्या भागाचा ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा एक काप, काचेच्या स्लाइडवर चिकटवलेला, गुलाबी-जांभळा.

उंदराच्या जिभेच्या मुळाशी, अगदी मधोमध, खंदक असलेला एकच मोठा पॅपिला असतो. चिचुंद्रीला दोन असतात, एक डावीकडे एक उजवीकडे. हेजहॉगला, म्हणजे पाठभर काटे असलेल्या त्या छोट्या कीटकखाऊ प्राण्याला, तीन, त्रिकोणात मांडल्यासारखे. माणसाला साधारण ८ ते १२, व्ही अक्षराच्या आकारात, आणि आरशात जीभ कितीही बाहेर काढली तरी नीट दिसत नाहीत इतके मागे. पॅपिला म्हणजे जिभेवरचा उंचवटा, मराठीत त्याला अंकुरक असा छान शब्द आहे पण लॅबमध्ये तो कुणाच्या तोंडून ऐकला नाही, म्हणून इथेही मी पॅपिलाच म्हणते.

तर ती स्लाइड. आधी मी चूक केली, आणि ती चूक सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. कापात काय दिसतं, तर मधे एक ठेंगणा खांब आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोल चिरा. मी वहीत तसंच चित्र काढलं, एक खांब, दोन खड्डे, आणि बाण करून नावं लिहिली. मॅडमनी वही बघितली, काही बोलल्या नाहीत, नुसता स्लाइडचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "याच्या पुढचे वीस सेक्शन बघ आणि मग काढ." त्या डब्यात तीच जीभ ओळीने कापलेली होती, एकामागून एक, पावाच्या स्लाइससारखी. मी एकेक लावत गेले आणि खांब हळूहळू अरुंद होत गेला, दोन्ही चिरा एकमेकींकडे सरकत आल्या, आणि शेवटी एका स्लाइडवर खांब नाहीसाच झाला, दोन चिरा मिळून एक झाल्या. तेव्हा कळलं की खड्डे दोन नव्हतेच. एकच गोल खंदक होता, किल्ल्याभोवती असतो तसा, आणि मी तो मधोमध कापलेला बघत होते.

त्या दुपारी मला पहिल्यांदा जाणवलं की सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांना दिसतं ते फक्त अर्धं असतं, उरलेलं आपण मनात जोडायचं असतं, आणि जोडायला चुकलो तर सुंदर, स्वच्छ, व्यवस्थित नावं लिहिलेलं खोटं चित्र तयार होतं. मी अजूनही कुठलाही काप बघताना आधी विचारते, हा कुठून कापलाय.

आता त्या खंदकात काय आहे ते बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. चव ओळखणाऱ्या पेशींचे झुबके, म्हणजे टेस्ट बड, पॅपिलाच्या माथ्यावर बसलेले असतील असं आपल्याला वाटतं, पण या मोठ्या पॅपिलात ते खंदकाच्या भिंतीत असतात, आत, खाली, लपून. मोठ्या भिंगाखाली बघितलं की गुलाबी भिंतीत फिकट रंगाचे लांबट कांदे दडवल्यासारखे दिसतात, प्रत्येकात ५० ते १०० पेशी, आणि प्रत्येकाचं तोंड खंदकाकडे, काही मायक्रॉनचं एक बारीक भोक. हे झुबके सस्तन प्राण्यांत १८६७ साली दोघांनी वेगवेगळं काम करून शोधले, लोवेन आणि श्वाल्बे, एकाच वर्षी. विज्ञानात असं होतं अधूनमधून, दोन माणसं दोन ठिकाणी एकाच भिंतीकडे बघत बसलेली असतात.

पण मला त्या झुबक्यांपेक्षा जास्त आवडते ती खंदकाच्या तळाशी उघडणारी नळी. खाली, स्नायूंच्या धाग्यांमधे, लाळेच्या ग्रंथींचे गडद जांभळे पुंजके असतात, त्यांना फॉन एब्नर ग्रंथी म्हणतात, १८७३ साली व्हिक्टर फॉन एब्नरने त्यांचं वर्णन केलं म्हणून. यांची लाळ चिकट नसते, पाण्यासारखी पातळ असते. नळी थेट खंदकात उघडते आणि खंदक धुऊन काढते. आधीच्या घासाचं जे काही विरघळून तिथे साठलं असेल ते वाहून जातं आणि भिंतीतले झुबके पुढच्या चवीसाठी मोकळे होतात. म्हणजे चव घ्यायची सोय आणि चव पुसायची सोय एकाच खड्ड्यात शेजारी शेजारी. बरं ही व्यवस्था फक्त मोठ्या प्राण्यांत नाही, मुठीत मावेल एवढ्या चिचुंद्रीतही अशीच आहे, तेवढीच नीटनेटकी.

हे झालं कापाचं. पण जिभेचा पृष्ठभाग, म्हणजे वरून दिसणारी जमीन, ती कापात कळत नाही, त्यासाठी स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. तो मला नंतर दोनेक वर्षांनी बघायला मिळाला आणि त्याआधीचा खटाटोप बघूनच मी थक्क झाले. जीभ ओली असते आणि त्या यंत्रात निर्वात पोकळी असते, त्यामुळे नमुना कोरडा हवा. पण साधं वाळवलं तर काय होतं, पाणी उडून जाताना त्याचा पृष्ठताण सगळ्या नाजूक गोष्टी ओढून आडव्या पाडतो, पाऊस पडून गेल्यावर शेत झोपतं तसं. म्हणून आधी ग्लुटाराल्डिहाइड नावाच्या रसायनात ऊतक पक्कं करायचं, मग चढत्या प्रमाणात अल्कोहोल देत पाणी काढून टाकायचं, मग अल्कोहोलच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड घालायचा आणि बंद भांड्यात तापमान ३१ अंश सेल्सिअसच्या आणि दाब ७३ ॲटमॉस्फिअरच्या वर न्यायचा. त्या टप्प्याला द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच नाहीशी होते. सीमा नाही म्हणजे पृष्ठताण नाही, आणि पृष्ठताण नाही म्हणजे काहीच आडवं पडत नाही. नंतर वर सोन्याचा काही नॅनोमीटरचा मुलामा. चिचुंद्रीच्या जिभेला सोन्याचा मुलामा, हे मी घरी सांगितलं तेव्हा कुणाला खरंच वाटेना.

आणि हे सगळं करूनही पहिल्या वेळी आम्हाला काही दिसलं नाही. नुसतं पांघरूण दिसलं. कारण जिभेवरचा चिकट स्राव सुरुवातीलाच नीट धुतला गेला नव्हता आणि तोच पक्का होऊन बसला होता, त्याच्याखाली उंचवट्यांची नुसती चाहूल, चादरीखाली झोपलेल्या माणसांसारखी. दुसऱ्या वेळी धुणं नीट झालं.

स्क्रीनवर काटे आले.

मी काटे म्हणते कारण त्यांना दुसरं काही म्हणणं मला जमत नाही. पुस्तकात त्यांना तंतुरूप पॅपिला म्हणतात, धाग्यासारखे, पण ते धागे वाटत नाहीत. जिभेच्या टोकापासून मुळापर्यंत ओळींमागून ओळी, दाट, एकमेकांना खेटून, आणि सगळेच्या सगळे घशाकडे झुकलेले. एकही पुढे नाही. शेतात वारा एकाच दिशेने वाहतोय असं वाटावं इतकं ते शिस्तीचं होतं. त्या गर्दीत अधूनमधून एखादा गोल, गुळगुळीत, बुटका उंचवटा, भूछत्राच्या टोपीसारखा, त्यावर एखादं दुसरं बारीक भोक, तो चवीचा. आणि खूप मागे ते दोन खंदक, वरून बघितल्यावर आता खरंच गोल.

मी मोजायला गेले नाही पण नुसत्या नजरेनेही कळत होतं की या जमिनीवर चवीच्या जागा मूठभर आहेत आणि काट्यांच्या जागा अफाट आहेत. आणि त्या काट्यांमध्ये टेस्ट बड नसतात. एकही नाही. म्हणजे जिला आपण चवीचं इंद्रिय म्हणून शिकलो त्या जिभेचा बहुतेक पृष्ठभाग चवीशी संबंध नसलेलं काम करतोय.

मग कुठलं काम? त्याचं उत्तर शोधायला त्या प्राण्याच्या जागी जावं लागतं. चिचुंद्रीला हात आहेत म्हणायचे, पुढचे पाय आहेत, पण भुंगा धरून फिरवून बघायला ते फारसे कामाचे नाहीत. तिचं भक्ष्य जिवंत असतं, लाथा मारतं, गुळगुळीत असतं, कधी त्याला कडक कवच असतं कधी ते गांडुळासारखं निसटतं. दात ते पकडतात, चिरडतात, पण चिरडल्यावर तुकडे तोंडात हलवायचे कुणी, एका बाजूच्या दाढेखालून दुसऱ्या बाजूला न्यायचे कुणी, आणि मुख्य म्हणजे वळवळत बाहेर निघणारा अर्धा किडा आत ढकलायचा कुणी? जिभेनेच. जिभेत हाड नाही, सगळा स्नायू, एकीकडून दाबली की दुसरीकडून लांबते, ऑक्टोपसचे बाहू आणि हत्तीची सोंड याच तत्त्वावर चालतात. असा हाडाशिवायचा हात, आणि त्याच्या तळव्यावर मागे झुकलेले काटे. त्यामुळे वस्तू घशाकडे सरकताना काटे आडवे पडून वाट देतात आणि बाहेर सरकायला लागली की उभे राहून अडवतात. रस्ता एकाच दिशेचा.

जीभ ही आधी हात आहे आणि मग चव घेणारी, हे मला त्या स्क्रीनसमोर बसून वाटलं आणि तेव्हापासून माझं मत बदललेलं नाही. बोलणाऱ्या, चवीढवीचं कौतुक करणाऱ्या माणसांना हे उलटं वाटतं, पण चिचुंद्रीच्या जिभेवर कुठल्या कामाला किती जागा दिलीय ते बघितलं तर दुसरं काही म्हणता येत नाही.

त्या काट्यांचं अजून एक आहे. त्यांचं टोक केराटिनचं असतं, आपल्या नखांत-केसांत असतं तेच कुळ. आणि उंदरांच्या जिभेवर जेव्हा बारकाईने अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं की काट्याच्या एका बाजूला जे केराटिन बनतं ते खास केसांतलं, कडक जातीचं आहे. म्हणजे हे काटे केसांचे भाऊबंदच आहेत. माणसात कधीकधी या पॅपिलांची टोकं झडायची थांबतात आणि नुसती वाढत जातात, मग जिभेवर खरंच काळपट केस आल्यासारखं दिसतं, डॉक्टर त्याला केसाळ जीभ म्हणतात. अंगावर केस असणं ही सस्तन प्राण्यांची मोठी ओळख, आणि त्या केसांचेच जातभाई तोंडाच्या आत, ओल्या अंधारात, दुसरंच काम करत उभे आहेत, हे कळलं त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

वरच्या काट्यांखाली आत काय आहे हे बघायचीही रीत आहे. ॲसिडने किंवा अल्कलीने वरचं आवरण सैल करून सोलून काढतात आणि खालचा संयोजी ऊतकाचा गाभा उघडा करतात. वरून एक काटा दिसत असतो तिथे कित्येक प्राण्यांत आतल्या गाभ्याला बोटांसारखे अनेक फाटे निघतात, त्यामुळे वरचं आवरण नुसतं ठेवलेलं नसतं, खुंट्या ठोकून बसवलेलं असतं. रोज कवचावर घासली जाणारी जमीन अशीच बांधलेली हवी. सोलून बघण्याची ही कल्पना तशी खूप जुनी आहे, मालपिगी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने बैलाची जीभ उकळून तिचे थर असेच वेगळे केले होते आणि १६६५ साली जिभेवरच्या पॅपिलांबद्दल लिहिलं होतं. पहिला बाजारात आलेला स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप १९६५चा, केंब्रिजच्या कंपनीचा. मधे बरोबर ३०० वर्षं.

घाईबद्दल थोडं बोलायला हवं, कारण या प्राण्यांचं सगळं आयुष्यच घाईत असतं आणि जीभ त्या घाईला धरूनच बनलीय असं मला वाटतं. एट्रस्कन श्रू म्हणून चिचुंद्रीचाच एक चुलत प्रकार आहे, वजन जेमतेम २ ग्रॅम, वजनाच्या हिशोबात जगातला सगळ्यात छोटा सस्तन प्राणी. त्याचं हृदय मिनिटाला १५०० पर्यंत ठोके देऊ शकतं. एवढ्या छोट्या शरीरातून उष्णता सतत गळत असते, त्यामुळे दिवसाला स्वतःच्या वजनाहूनही जास्त खावं लागतं, आणि काही तास उपाशी राहिलं तर संपलं. भक्ष्य शोधतो ते मिशांच्या स्पर्शाने, अंधारात. तारेसारख्या नाकाचा मोल (मोल म्हणजे जमिनीत बोगदे खणून राहणारा छोटा प्राणी) तर त्याहून पुढे, नाकावर २२ बोटं, त्यांवर स्पर्शाची २५ हजारांहून जास्त सूक्ष्म इंद्रियं, आणि छोटा किडा सापडल्यापासून गिळेपर्यंत कधीकधी फक्त १२० मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायलाही बहुतेक वेळा याहून जास्त वेळ लागतो. एवढ्यात चवीला विचारायला वेळ कुठला? स्पर्शाने ठरवायचं, काट्यांनी आत ओढायचं, आणि चव येईल ती येईल मागून.

म्हणून मला ते खंदक इतके मागे आहेत याचं नवल वाटेनासं झालं. ते दारावर नाहीत, आतल्या शेवटच्या चौकटीवर आहेत. तिथून पुढे गिळणं आपल्या हातात राहत नाही. जिभेच्या मागच्या भागाची चव वेगळ्या नसेतून जाते, पुढच्या भागाची वेगळ्या, आणि उंदरांत ती मागची नस कापली तर कडू पदार्थ तोंडात आल्यावर तोंड वासून तो बाहेर टाकायची प्रतिक्रिया खूप कमी होते. म्हणजे त्या खंदकांचं मुख्य काम चाखणं आहे की थुंकायला लावणं आहे, असा प्रश्न पडतो. (इथे एक सांगून टाकते, जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा जो नकाशा शाळेत शिकवतात तो चुकीचा आहे. १९०१ साली हेनिग नावाच्या संशोधकाने संवेदनशीलतेत जे बारीकसे फरक मोजले होते ते पुढे कुणीतरी भलतेच ताणले. कडू सगळीकडे कळतं. फरक एवढाच की मागे कळलं तर शरीर वेगळं वागतं.)

कीटक खाणाऱ्याला या थुंकण्याची गरज आहेच. किडे काही निमूट बसून खाऊन घेत नाहीत, कुणी फॉर्मिक ॲसिड सोडतं, कुणाच्या रक्तातच फोड आणणारं विष असतं. आणि इथे चिचुंद्री आणि उंदीर पुन्हा वेगळे होतात. उंदराला उलटी करता येत नाही. एकदा गिळलं की गिळलं, त्यामुळे त्याचा सगळा भरवसा आधीच्या पारखण्यावर. चिचुंद्रीला उलटी होते, इतकी नीट होते की १९८०च्या दशकापासून मळमळीवरच्या औषधांच्या संशोधनात तिचा उपयोग होतो, उंदरांचा त्या कामाला उपयोग नाही म्हणून. तिच्याकडे खंदकांच्या पलीकडे अजून एक फाटक आहे. घाईघाईने खाणाऱ्याला ते हवंच.

सगळे कीटकखाऊ मात्र असे नाहीत. खवल्या मांजराला दातच नसतात, त्याची लांब चिकट जीभ मुंग्या चिकटवून आत नेते, धरून ठेवायचं काम काट्यांचं नाहीच, चिकट लाळेचं. मांजराच्या जिभेवरचे काटे तर २०१८ साली नीट बघितले तेव्हा टोकाशी पोकळ निघाले, पळीसारखे, त्यातून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोचते. काटा तोच, पण प्रत्येकाने त्याला आपापलं काम लावलंय.

हेजहॉगचं तर मला सगळ्यात जास्त आवडतं. अनोळखी, उग्र वासाचं काही सापडलं की तो ते चावत बसतो, तोंडात फेस होतो, आणि मग मान वेडीवाकडी वळवून जिभेने तो फेस स्वतःच्या पाठीवरच्या काट्यांना फासतो. १९७७ साली असं दाखवून दिलं गेलं की बेडकाच्या विषारी ग्रंथी चावून तो तेच विष काट्यांवर लावतो आणि ते काटे मग जास्त झोंबतात. जिभेवरच्या काट्यांनी पाठीवरच्या काट्यांना रंगवणं. जीभ इथे ब्रशच झाली.

आणि याच प्राण्याचं नाव चवीच्या गोष्टीत भलत्याच दाराने येतं. फळमाशीच्या अळीत एक जनुक बिघडलं तर तिच्या अंगभर बारीक काटे येतात, म्हणून १९८० साली त्या जनुकाला हेजहॉग नाव पडलं, पुढे सस्तन प्राण्यांत सापडलेल्या त्याच्या भावंडाला एका व्हिडिओ गेमवरून सॉनिक हेजहॉग. हे जनुक गर्भात जिभेवरचे पॅपिला कुठे उगवणार ते ठरवण्यात भाग घेतं, आणि मोठेपणी टेस्ट बडमधल्या पेशी नव्याने घडत राहाव्यात यासाठीही त्याचा संदेश लागतो. त्वचेच्या एका कॅन्सरवरचं विस्मोडेगिब नावाचं औषध, अमेरिकेत २०१२ला मंजूर झालेलं, हाच संदेश बंद करतं, आणि ते घेणाऱ्या कितीतरी जणांची चव जाते.

चव जाणं म्हणजे काय ते मी माझ्या मावशीत बघितलं. तिला ते औषध नव्हतं, तिला घशाला रेडिएशन होतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून ती म्हणायला लागली, "अगं, सगळं कापसासारखं लागतंय." मी माझ्या परीने समजावून सांगितलं. टेस्ट बडमधल्या पेशी फार दिवसांच्या नसतात, उंदरांत मोजलं तेव्हा सरासरी १० दिवसांच्या निघाल्या, त्या मरतात आणि खालच्या थरातल्या पेशी विभागून नवीन तयार होतात, तर रेडिएशन त्या विभागणाऱ्या पेशींना थांबवतं, जुन्या आपल्या वेळेवर जातात आणि नवीन येत नाहीत. खालच्या पेशी सावरल्या की चव परत येते बहुतेकांना. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे एरवी माझी जीभ दर दहा-पंधरा दिवसांनी नवीन व्हायची?" मी म्हटलं, जीभ नाही मावशी, चवीपुरती, पण हो. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "इतकी वर्षं हे चाललंय आणि मला कुणी सांगितलं नाही."

तिच्यासाठी मी ती जुनी चित्रं लॅपटॉपवर काढली. काट्यांचं रान, ते दोन खंदक. तिला वाटलं हे कुठल्यातरी समुद्राच्या तळाचे फोटो आहेत. चिचुंद्रीची जीभ आहे म्हटल्यावर तिने तोंड वाकडं केलं आणि तरीही बघत राहिली. "तिला दोन आणि मला दहा," असं ती मोजत होती.

एक गोष्ट तिला सांगायची राहिली, ती मला नंतर कळली. कीटकखाऊ असा एक गट प्राणिशास्त्रात खूप वर्षं होता, चिचुंद्री, मोल, हेजहॉग, मादागास्करचे टेनरेक, आफ्रिकेतले सोनेरी मोल, सगळे त्यात कोंबलेले. जनुकं तपासल्यावर तो मोडला. १९९८च्या सुमाराला टेनरेक आणि सोनेरी मोल उठून हत्तींच्या कुळात जाऊन बसले, वृक्ष-चिचुंद्री आधीच वेगळी काढली होती आणि ती तर आपल्या जास्त जवळची निघाली. म्हणजे किडे खाणं हे घराणं नव्हतं, धंदा होता. पण २०१८ साली एक वेगळंच समोर आलं. किड्यांचं कवच पचवणारं कायटिनेज नावाचं विकर बनवणारी जनुकं वेगवेगळ्या सस्तन प्राण्यांत शोधली तेव्हा असं दिसलं की नाळ असलेल्या सगळ्या सस्तनांच्या समान पूर्वजाकडे अशी पाच जनुकं होती. माणसात त्यातलं एक कामाचं उरलंय, बाकीच्यांचे मोडके तुकडे अजून आपल्या पेशींत पडून आहेत. डायनोसॉरच्या काळात अंधारात पळणारं, कवचं चावणारं ते कुणीतरी आपल्या सगळ्यांचं मूळ. मला वाटतं की मागे झुकलेले काटेही त्याच्या जिभेवर असणार, कारण ते आपल्याही जिभेवर आहेत, मऊ झालेले, बोथट झालेले, पण आहेत. स्वच्छ बोट जिभेवरून मागून पुढे फिरवून बघा, मग पुढून मागे. माझ्या जिभेवर फरक लागतो, अगदी थोडासा.

मावशीची चव तिसऱ्या महिन्यात परत यायला लागली. रात्री साडेदहाला फोन आला, मी घाबरून उचलला. पलीकडून ती ओरडूनच सांगत होती, "कडू लागली! ती गोळी, रोजची, आज कडू लागली!" मी विचारलं कुठे लागली, तर म्हणाली मागे, अगदी मागे, गिळता गिळता.